देवरावभाऊंचं केबेक

डेपोतली लाकडं एक वेळ संपतील, किस्से काही संपत नाहीत. बल्लारपूरजवळच्या एका सागवान डेपोचा मी बरीच वर्षं इन्चार्ज होतो. रिटायर झालो तरी ते किस्से डोक्यात थप्पी लावून बसलेत. त्यातले निम्मे देवरावभाऊंचे! भाऊ लाकडं मोजायचे, वयानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांची एकुलती एक मुलगी वंदना कॅनडातल्या केबेक नावाच्या प्रांतात नांदते. तिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. भाऊंनी तो प्रांत कधी पाहिला नाही. त्यांना आणि आम्हाला त्याची ओळख झाली ती वंदनानं पाठवलेल्या आणि भाऊंनी डेपोत टांगलेल्या कॅलेंडरवरून.

*

पहिल्या पानावर प्रांताचा झेंडा. निळा, मधे पांढरा क्रॉस आणि चार पांढरी फुलं. गेटवरचा मारोती, पक्का भीमसैनिक, बघून उडालाच!

"भाऊ, निळा झेंडा? तिथीबी आपलेच लोकं?"

"आपले नाई रे. पन थेबी आपल्यासारखेच म्हंतात, आमची भाषा वेगळी, आमचा मान वेगळा."

मारोतीनं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

*

दुसऱ्या पानावर पांढरंशुभ्र घुबड. म्हणे तिथला मानाचा पक्षी! चहावाल्या सईबाईंनी अख्ख्या पानावरच पेपर चिकटवून टाकला. "सकाळी सकाळी घुबडाचं तोंड कोन पाह्यते?" महिनाभर आम्ही तारखा अंदाजानं सांगत होतो.

*

तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर प्रांताचं ब्रीद असतं, 'मला आठवतं'. नेमकं काय आठवतं, यावर तिथल्या लोकांचंही एकमत नाही म्हणे! भाऊ फोनवर वंदनाला म्हणाले, "गाडीवर लिवून ठेवा लागते, म्हंजे इसरतच असतीन."

त्या दिवसापासून वंदना रोज फोन करायला लागली.

*

प्रांताचं झाड म्हणजे पिवळा बर्च. बर्फात त्या झाडाला टेकून काढलेला फोटो वंदनानं पाठवला. भाऊंनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि लगेच मेसेज धाडला, "गोलाई दीड मीटर. बुडाशी पोकळ दिसते. फळ्या निघनार नाई."

उत्तर आलं, "बाबा, झाडाजवळ मी उभी आहो."

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ मात्र मोबाईल खिशात घालून उन्हात लाकडांकडे निघून गेले. आम्ही हसायला नको होतं.

*

आता माझाच किस्सा. नातू झाला तेव्हा भाऊंनी रजेचा अर्ज दिला. पासपोर्ट तयार होता, तिकीट वंदना काढणार होती. पण लिलावाचा हंगाम तोंडावर! मी म्हणालो, "भाऊ, तुमच्याशिवाय लाकडं कोण मोजणार? पुढच्या वर्षी जा ना!"

"बरं साहेब," एवढंच बोलून ते कामाला लागले.

पुढच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी विमानाला कायमची मनाई केली. तो लिलाव माझ्याशिवाय, त्यांच्याशिवायही झाला असता. माझं चुकलं, फार चुकलं.

*

नातू सात वर्षांचा झाल्यावर वंदनाच त्याला घेऊन आली, पंधरा दिवसांसाठी. पोराला फ्रेंच यायची, आजोबांना झाडीबोली. दोघं दिवसभर डेपोत फिरायचे. टेपचं एक टोक आजोबांकडे, दुसरं नातवाकडे.

जायच्या दिवशी नागपूर एअरपोर्टची गाडी वंदनाला आणि नातवाला घेऊन भाऊंचा निरोप घ्यायला डेपोत आली. ती वळून गेटाशी गेली तर मारोतीनं बॅरिअर खाली टाकला. "बिना पासचं या गेटातून काई बाहेर जात नाई!"

नियम खराच. लाकूड बाहेर काढायचं तर पास भाऊंनी लिहायचा आणि सही माझी. वंदना हसली, आम्हीही हसलो. भाऊ म्हणाले, "थांबा, लिवून देतो." टेबलाशी बसून त्यांनी पासचं पुस्तक उघडलं. नातवाचं नाव लिहिलं. टेप लावून त्याची उंची घेतली, तीही लिहिली. 'रवाना' पुढे 'केबेक' लिहिलं आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी हसत हसत पेन काढला.

भाऊंनी माझा हात धरला.

"साहेब, आज सही नका करू ना."