दोन बोटं उंची

धारवाडच्या प्रयोगशाळेत मी छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, बनवत होते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, वाढीचं संप्रेरक तीच सोडते. आमच्या पेप्टाइडमुळे ती ते जास्त सोडायची. टोचलेले उंदीर भरभर वाढत, आणि हे माझ्याआधी कळायचं ते पिंजरे साफ करणाऱ्या मावशींना. अळणावरजवळच्या गावातून त्या रोज यायच्या.

"डावीकडचे जड लागायलेत अक्का," त्या म्हणायच्या. मी वजन करायची. खरंच असायचं.

त्यांची मुलगी पोलीस भरतीत धावण्यात पहिली आली आणि उंचीत दोन बोटं कमी पडली. दुसऱ्या दिवशी मावशी झाडू हातात धरूनच माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उंदरांना देता ते माझ्या पोरीला द्या की."

"मावशी, ते अजून कुठल्याच माणसाला दिलेलं नाही. काय अपाय होईल, मलाही ठाऊक नाही."

"मी कुणाला सांगायची नाही."

मी नाहीच म्हटलं. पण राहवेना, म्हणून दोघींना हुबळीला देशपांडे नगरात एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगटाचा एक्स-रे उजेडात धरला. "एकोणीस वर्षांची ना? हाडांची टोकं जुळून गेलीत. आता कुठल्याच औषधानं उंची वाढणार नाही."

मुलीनं एकच विचारलं, "चार वर्षांमागं आले असते तर?"

"तेव्हा तपासायला हवं होतं. आता कसं सांगू?"

चार वर्षांमागं मावशी आमच्याकडेच पिंजरे साफ करत होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

आठवड्यानं फ्रीजमधली पेप्टाइडची एक कुपी कमी निघाली. मी मावशींना हाक मारली, विचारलं काहीच नाही. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि कुपी टेबलावर ठेवली. आतली पांढरी पूड तशीच होती.

"टोचायचं कसं, ते कळंना," त्या म्हणाल्या. "आणि पोरगीबी नको म्हणाली."

"डॉक्टर म्हणाले होते ना मावशी, उपयोग नाही म्हणून?"

"म्हणाले की."

उष्णतेनं पूड बिघडली असणार, म्हणून मी ती फेकून दिली. वर कळवलं नाही. ते बरोबर केलं का, हे अजून ठरवता आलेलं नाही. मुलगी सध्या हुबळीत एका कापडदुकानात काम करते. मावशी पिंजरे साफ करतात, पण कुठले जड लागतात ते आता सांगत नाहीत, आणि विचारायचं माझ्याच्यानं होत नाही.