लोटनच्या भरताची पंगत

सदुसष्ट साली आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम एकही मॅच जिंकली नाही. धुळ्याच्या कॅप्टनने तर भर मैदानात आमचा गोलकीपर लोटन याला बांगड्या भरायला सांगितलं. लोटन पेटला.

परतीच्या मॅचला धुळेकर आमच्याकडे आले, तेव्हा त्याने सकाळीच भरताची पंगत घातली. वांग्यांपेक्षा मिरच्याच जास्त. "पळा आता, साल्यांनो!"

पण पाहुण्यांच्या पंगतीला यजमानालाही बसावं लागतं, हे तो रागात विसरला. धुळेकरांनी ताटं पुसून खाल्ली. "भाऊ, मिरची कमी शे." मॅचभर पोट धरून बसला तो लोटन. सात गोल झाले.

दहा वर्षांनी तोच कॅप्टन धाकट्या भावासाठी लोटनच्या बहिणीला मागणी घालायला आला. लोटनने पाणीही विचारलं नाही. बांगड्यांचा डबा पुढे सरकवला.

"पयले तू ह्या भर. मंग सोयरीकनं बोलूत."