सकाळची किटली कोणाच्या नंबरावर

आता शिकायला घरापासून लांब राहते. मोठाल्या फाइली हाताळते, तेव्हा हटकून कडावच्या दूध डेअरीतला पेनड्राइव्ह आठवतो.

कर्जतला कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मीच पहिली. त्यामुळे डेअरीच्या सेक्रेटरींना वाटायचं, मला कंप्युटरचं सगळंच येतं. फारसं येत नव्हतं, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही.

वसुबारसेला डेअरीत गाय-वासराची पूजा होते. वर्षभरात ज्या घराने सगळ्यात जास्त दूध घातलं, त्या घरच्या बाईने पहिलं ओवाळायचं, अशी पद्धत. रोज सकाळची एक फाइल, संध्याकाळची एक, वर्षाच्या सातशेवर. प्रत्येकीत सभासद नंबर, लिटर आणि फॅट.

"बेरीज करून दे गं पोरी," त्या सगळ्या फाइलींचा पेनड्राइव्ह हातात देत सेक्रेटरी म्हणाले. "मागच्या वर्षी माझे डोळे फुटायची वेळ आली."

मी एकेक फाइल उघडून चिकटवत बसले. वीस-बावीस झाल्या आणि लॅपटॉप अडकला. मग लॅबमध्ये शिकवलेली, कंप्युटरला लिहून हुकूम द्यायची काळी खिडकी आठवली. वही बघून एक ओळ टाइप केली: सगळ्या फाइली वाच, नंबर बघ, त्या नंबरापुढे लिटर मिळवत जा, शेवटी मोठ्या आकड्यापासून यादी लाव. तीनदा कुठला तरी कंस चुकला. चौथ्यांदा एंटर दाबलं आणि लगेच यादी समोर आली. सगळ्यात वर आईचा नंबर!

आई भाकऱ्या करत होती. तिला कधी कुणी चारचौघांत पुढे बोलावलेलं मला आठवत नाही. ऐकून ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "आनि शेजारच्या काकीचं किती भरलं?"

"सातव्या आहेत."

"सातवी? चार म्हशी हायत तिच्या. नीट बघ."

"कंप्युटरने केलंय गं आई."

"कंप्युटर उभा असतो का लायनीत? तिची सकाळची किटली सासऱ्याच्या नंबरावर जाते. म्हातारा गेला, तरी नंबर बंद केला नाय तिनं."

नंबर बंद केला तर सासरे घरातून पुन्हा गेल्यासारखं होईल, असं काकी म्हणायच्या. रांगेतल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. मला नव्हतं. आईने चुलीजवळूनच दोन-दोन नंबरांची आणखी तीन घरं सांगितली. कुठला नंबर कुठल्या घराचा, याची छोटी फाइल करून मी बेरीज पुन्हा लावली. काकी पहिल्या, आई दुसरी.

पहिली यादी मी अजून पुसली नव्हती. चाचरत विचारलं, "सेक्रेटरींना काय कळणार आहे? पहिलीच देऊ का?"

"आनि मी काय तिच्या दुधावर ओवाळू?" आई म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ती हसली नाही. मला फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि विचारल्याबद्दलही.

वसुबारसेला सेक्रेटरींनी काकींच्या घरचे दोन्ही नंबर पुकारले, सासऱ्यांचा आधी. काकी ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या, डोळे भरलेले. आईने मागून त्यांना हळूच ढकललं.

"जा गं. गाय काय दिवसभर उभी राहनार हाय?"