ऑगस्टचा नकाशा

हे काम मी भांडून मागून घेतलं होतं. ते आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणावर ढकलायला जागा उरणार नाही.

एडमंटनच्या आमच्या ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार होतात. शेती करता करता पक्षी, मधमाश्या, रानफुलं किती टिकून आहेत हे मोजायची एक पद्धत युरोपातल्या संशोधकांनी बसवली होती. चित्र बघून प्रत्येक शेताला गुण द्यायचे. बांधावर झुडपं असली तर इतके, कडेला गवताची पट्टी असली तर तितके. ती पद्धत इथल्या, म्हणजे आल्बर्टा प्रांतातल्या शेतांना लागू पडते का, ते आम्हाला पाहायचं होतं. मी भंडारा जिल्ह्यातली, लहानपण शेतात गेलेलं, त्यामुळे हे काम माझ्याखेरीज कोणाला जमणारच नाही अशी माझी ठाम समजूत होती.

मे महिन्यात शहरापासून दीड तासावरच्या एका शेतावर पाहणीला गेले. शेत सत्तरीतल्या एका बाईंचं आणि त्यांच्या मुलाचं. बर्फ वितळून शेताच्या मधोमध तळं साचलं होतं. इकडे त्याला स्लू म्हणतात. भोवती विलोच्या झुडपांचं कडं, पाण्यात बदकं, आणि बेडकांचा असा गलका की आम्हाला आवाज चढवून बोलावं लागत होतं. बाईंचे यजमान होते तोवर ते या तळ्याला वळसा घालून पेरणी करत. मुलाला तो वळसा नको होता. त्याचं नवं पेरणीयंत्र अवाढव्य, त्याला सरळ रेघ हवी. चर खणून पाणी काढून टाकू, असं त्याचं म्हणणं.

मायलेकांत यावरून बरंच वाजलं होतं. त्या दिवशी तोडगा निघाला तो माझ्या जिवावर.

"नकाशा काय सांगतो ते बघू," मुलगा म्हणाला. "या जागेला गुण मिळाले, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे म्हणाले, "अजिबात काळजी करू नका. एवढं मोठं तळं नकाशात दिसणार नाही होय?"

पद्धतीच्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलं होतं, चित्र ऑगस्टचं घ्यावं. तिकडे युरोपात तोवर गहू कापून झालेला असतो आणि पिवळ्या रानात हिरवे बांध उठून दिसतात. मी मुकाट्याने ऑगस्टचं चित्र घेतलं. ऑगस्टमध्ये तळं आटलेलं होतं. विलोची झुडपं दिसत होती, पण गुण बांधावरच्या सरळ रांगेला होते, गोल कड्याला नव्हते. संगणकाने त्या जागेला 'उघडी जमीन' म्हटलं आणि शून्य देऊन तो मोकळा झाला.

आमच्याकडे भंडाऱ्याला शेतातली बोडी, म्हणजे पावसाच्या पाण्याचं लहान तळं, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडते, पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. म्हणून तिथे बोडीच नाही असं कोणी म्हणालं असतं, तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं. युरोपातल्या त्या संशोधकांनी हे तळं कधी पाहिलं नव्हतं, त्यांना कशाला बोल लावू? मी पाहिलं होतं. त्याच्या काठावर बूट चिखलात रुतवून उभी होते मी.

शून्य बघून चमकले जरूर. शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला विचारलं. तो पुण्याचा.

"अगं, मेथड आपण चेंज नाही करू शकत," तो म्हणाला. "एका फार्मसाठी मेची इमेज घेतलीस, तर युरोपच्या रिझल्ट्सशी कम्पेअर कसं करणार? अपेंडिक्समध्ये एक नोट टाक आणि सबमिट करून टाक."

आम्हा दोघांचं शिक्षण एकाच वळणाचं. पुस्तकात आहे तसं लिहायचं आणि पैकीच्या पैकी मार्क घ्यायचे. मी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं, 'काही पाणथळ जागा हंगामी असू शकतात.' तेवढ्यावर माझं समाधान झालं. त्या समाधानाची आज लाज वाटते. असल्या टिपा कोणी वाचत नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. मी स्वतः तरी कुठे वाचते?

दोन वर्षांनी, मे महिन्यातच, त्या शेतावर पुन्हा गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट काळी जमीन, आणि तिच्यावर पेरणीच्या सरळ रेघा. आता आवाज चढवायची गरज नव्हती. मुलाने चर खणायच्या परवानगीच्या अर्जाला माझाच नकाशा जोडला होता, तसं त्याने मला खुशीत सांगितलं. त्याच्यावर तरी का चिडावं? त्याने शब्द पाळला होता.

बाईंनी आत बोलावून कॉफी दिली. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मीच वेडी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वाटायचं, त्या जागेत काहीतरी मोलाचं आहे. नकाशा बघितला आणि कळलं, ते माझ्या मनाचेच खेळ होते. उगीच भांडले पोराशी."

तळं तर गेलंच होतं, पण आपण इतकी वर्षं पाहिलं तेही खरं नव्हतं, असं या बाई माझ्या कागदापायी मानून बसल्या होत्या. मला राहवलं नाही. ऑगस्ट, पुस्तक, शून्य, सगळं सांगून टाकलं. "तुमचंच बरोबर होतं," मी म्हणाले. "नकाशा चुकला. आणि तो चुकलाय हे मला पाठवण्याआधीच कळलं होतं."

मग कप बाजूला सारून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग तेव्हा मला एक फोन का नाही केलास?"

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. वेळही होता.