खाणीचा नववा मजला

एस्तेला सुआको सत्तावीस वर्षं चिपच्या कारखान्यात भट्टीखात्यात होती. बाहेर फिलिपीन्समधल्या बागिओच्या डोंगरावर लोक स्वेटर घालून हिंडत आणि आत ती तयार प्रोसेसर तापवून बघे, कुठला तग धरतो, कुठला हात टेकतो. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा यादीत तिचंही नाव आलं. मग ती घरीच राहिली. सायोते या फळभाजीच्या वेलांना मांडव घालायचा आणि शेजारपाजारचे रुसलेले कॉम्प्युटर बघायचे, एवढंच काम. थोरल्या बहिणीसारखं सगळे तिला मानांग म्हणत. यंत्रापुढे बसली की ती इतकी शांत होई, की बघणाऱ्याला वाटे, हिला डुलकी लागली.

मार्चमध्ये एका सकाळी लुदोविको तिनोयान तिच्या दारात आला. हा म्हातारा पूर्वी सोन्याच्या खाणीत मोजणीदार होता. खाण बंद पडून खाली पाणी भरलं, पण त्याच्या मोजणीच्या वह्या राहिल्या होत्या. त्यांवरून तो दोन वर्षं कॉम्प्युटरवर सगळे बोगदे काढत होता, वरून खाली, मजल्यामागून मजला. आठ मजले झाले. शेवटचे दोन नव्या कॉम्प्युटरवर काढले. मग नवव्याला हात घातला, तेव्हापासून पडदा निळा होई आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होई. रोज तिथेच.

"मानांग, हसू नकोस," तो म्हणाला. "मला वाटतं, खालच्यांना हे आवडत नाहीये."

खालचे म्हणजे कोण, हे एस्तेलाला विचारावं लागलं नाही. नवव्या मजल्यावर दरड कोसळली होती आणि काही माणसं वर आलीच नव्हती.

"मग त्यांना कोंबडी दे."

"दिली. तांदळाची दारूही शिंपडली. तरी बंद पडतो."

"म्हणजे त्यांची तक्रार नाही, मानोंग," थोरल्या भावाला हाक मारावी तशी ती म्हणाली. " आता यंत्राला विचारू."

त्याच्या घरी जाऊन तिने आधी पंखा आणि प्रोसेसरची उष्णता पाहिली. दोन्ही ठीक होतं. काम वाढलं की प्रोसेसर आपणहून वेग वाढवतो, ते तिने बंद केलं. नववा मजला उघडला, पडदा निळा झाला. तिने ते सेटिंग होतं तसं परत ठेवलं आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिची कारखान्यातली सवय. मग मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून दुसरी तपासायला लावली. एकही चूक नाही. नुसती पहिली लावली, तीही निर्दोष. दोन्ही बसवल्या, तर वीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उतरू लागल्या.

"एकेकटे शहाणे आणि एकत्र आले की भांडण," लुदोविको म्हणाला. "अगदी आम्ही भावंडं."

दुकानदाराने मेमरी पट्टीवर छापलेल्या सगळ्यात मोठ्या वेगावर लावून दिली होती. तो वेग पट्ट्यांना झेपत होता, पण दोघींना सांभाळत तसं पळणं प्रोसेसरला झेपत नव्हतं. आठ मजल्यांपर्यंत चित्र लहान, मेमरी अर्धी रिकामी, म्हणून निभावलं. नवव्याला ती भरली आणि हिशेब चुकू लागले. व्होल्टेज वाढवून वेग कदाचित राखता आला असता, पण जास्त वीज खाल्लेल्या चिपांचं काय होतं हे एस्तेलाने भट्टीत पुष्कळ पाहिलं होतं. तिने वेग दोन पायऱ्या खाली आणला आणि तपासणी सुरू केली.

ती दिवसभर चालली. लुदोविकोने रताळी उकडली, कॉफी केली. दुपारी धुकं गल्लीतून वर आलं, खिडकीत भरलं, समोरचे पाइन वृक्ष एकेक करून पुसले गेले. पडद्यावरचे आकडे हळूहळू वाढत होते. पंख्याच्या आवाजात एस्तेलाचे डोळे मिटू लागले. आपण कारखान्यातच आहोत, भट्टीचं दार कोमट आहे, आत हजारो चिपा गप्प बसून तापताहेत, असं तिला वाटत राहिलं. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लाल ओळ एकही नव्हती.

लुदोविकोने नववा मजला उघडला. या वेळी यंत्र थांबलं नाही. चित्र विहिरीसारखं सरळ खाली गेलं आणि राखाडी बोगदे चारी बाजूंना पसरले.

"कुठे जायचं, सांग."

एस्तेलाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "माझे वडील पूर्वेला होते. लाकडाचे टेकू लावायचे."

बायकांनी खाणीत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज होता. तिने ती जागा कधी पाहिली नव्हती. लुदोविकोने वही चाळली. मापांशेजारी तो माणसांची नावंही टिपून ठेवी. 'सुआको, टेकूवाला' असं एका पानावर होतं. त्याने चित्र तिकडे नेलं.

"इतकं बुटकं?" तिने विचारलं.

"चार फूट. आठ तास वाकूनच."

वडील घरातही कमरेत वाकून चालत. ते वयाने, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. तिने पडद्याला बोट लावलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. लुदोविकोने चित्र हलवलं नाही.

मे महिन्यापर्यंत त्याने अकरावा मजला पुरा केला. कॉम्प्युटर पुन्हा अडला नाही. तो मंद झालाय का, असं एस्तेलाने विचारलं, तेव्हा लुदोविको म्हणाला, मी मंद झालोय, त्याच्यात काही फरक कळत नाही. बातमी वस्तीत पसरली. आता दुपारी जुन्या खाणकामगारांच्या बायका त्याच्या बाकावर येऊन बसतात, वहीत आपल्या माणसाचं नाव शोधायला लावतात, आणि आपली पाळी येईपर्यंत धुक्याकडे बघत कॉफी पितात.