तिसरी हाक

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. तुम्हाला वाचायला त्रास होईल, त्याची माफी आधीच मागते. बाकी कशाची मागणार नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडले आणि हे मनात आलं, की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागायला लागते.

मी मुरुडला एका लॉजवर काम करते. सहा खोल्या, मागे नारळाची वाडी. मालकीण शालनवहिनी. नवरा गेल्यावर पालीकडच्या गावातून मी इथे आले, ती स्वयंपाकाला आणि खोल्या झाडायला. चार माणसांत बोलायची मला लाज वाटते. पाहुण्यांना वाढतानाही मान खाली. वहिनी चिडवायच्या, "लते, त्यांना वाटेल ताट आपोआप चालत आलं. जरा तोंड वर कर की गं!"

मग मानसीने कॉम्प्युटर आणला. मानसी वहिनींची पुतणी, नव्या मुंबईत प्रोग्राम लिहायची नोकरी करते. बुकिंगचा नेहमी घोळ व्हायचा, दोन कुटुंबं एकाच खोलीच्या दारात भांडायची. म्हणून तिने काकीसाठी एक प्रोग्राम लिहिला. पाहुण्याचा फोन आला की नाव आणि तारीख लिहायची. मग पैसे भरायचं ते चौकोनी चित्र आपोआप पाहुण्याच्या फोनवर जायचं आणि आगाऊ रक्कम वहिनींच्या खात्यात यायची. वहिनींना चष्म्यातूनही पडदा दिसेना, तेव्हा मानसी म्हणाली, "लतामावशी करतील." मी! मला खुर्चीत बसवलं तिने. दाराजवळची, पाहुण्यांसमोरची खुर्ची. तिथे मी आधी फक्त फडकं मारत होते.

तुम्हाला ही खुर्ची लक्षात ठेवायला हवी.

एकदा मी पडवीत बिरड्यासाठी वाल सोलत होते. मानसी शेजारी बसून लिहीत होती. मी विचारलं, एवढं काय लिहितेस? ती म्हणाली, "मावशी, प्रोग्रामच्या आत पुष्कळ कामं असतात. एक काम दुसऱ्याला नावाने हाक मारतं. बुकिंग झालं की हाक जाते — पैशांचं चित्र पाठव. चोर काय करतो, ती हाक मधेच पळवतो. हाक तीच, पण ओ देतो भलताच. आणि हाक मारणाऱ्याला कळतही नाही."

मला हे लगेच समजलं. मी तिला सांगितलं, आमच्या गावात अंधारात दाराबाहेरून नावाने हाक आली, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. आवाज ओळखीचा असला तरी नाही.

"का?"

"भुताला दोनच हाका येतात. तिसरी जमत न्हाय त्याला. तिसरी आली की समजायचं, माणूस हाय. मग दार उघडायचं."

ती एवढी हसली की तिच्या मांडीवरची सालपटं उडाली. "हे मी आमच्या साहेबांना सांगते. भुताची सिक्युरिटी!" पण नंतर ती बराच वेळ लिहीत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने मला दाखवलं. आता हाक मारण्याआधी प्रोग्राम बघणार होता, की ओ देणारा मूळचाच आहे ना. नसला, तर पडद्यावर लाल चौकट. आत मोठ्या मराठी अक्षरांत — 'लतामावशी, थांबा. मला फोन करा.' खाली एक बटण, 'पुढे जा'. ते तिला विचारल्याशिवाय दाबायचं नाही. "बँकेकडून काही बदललं तरी चौकट येईल, म्हणून बटण ठेवलंय. तीन वेळा 'पुढे जा' म्हटलंत तर तो तुमचं ऐकेल आणि गप्प बसेल. पण तिसऱ्यांदा आली ना मावशी, तर मीच दाराबाहेर उभी आहे समजा." आणि एक — कुणाचाही पेनड्राइव्ह लावायचा नाही.

म्हणजे बघा, मला वाचता आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. तिने ते माझ्यासाठीच लिहिलं होतं. माझं नाव घालून.

दिवाळीच्या आधी एक पाहुणा आला. एकटाच. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. "सगळं तुम्हीच बघता? कमाल आहे मॅडम!" मॅडम — मला. मी मान वर केली, कितीतरी वर्षांनी. त्याला बसचं तिकीट छापून हवं होतं. त्याने पेनड्राइव्ह पुढे केला. नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर मॅडमची पुन्हा लता झाली असती ना? मी लावला. तिकीट निघालं. तो गेला.

दुपारी पुढचं बुकिंग लिहिलं आणि लाल चौकट आली. 'लतामावशी, थांबा.' फोन केला तर ती विचारणार, काही लावलं होतं का? मग खुर्ची जाणार. मी 'पुढे जा' दाबलं. पुन्हा आली. मी पुन्हा दाबलं. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "लते, झालं का गं? मासळी आलीय." आणि तिसऱ्यांदा आली.

तिसऱ्यांदा आली हो.

मी ती वाचली. शेवटपर्यंत वाचली. आणि दाबलं.

नंतर चौकट कधी आली नाही. दिवाळीची सगळी बुकिंगं मी लिहिली. पाहुण्यांना चित्र जात होतं, पडद्यावर 'पैसे जमा' दिसत होतं. वहिनी पासबुक भरायला महिन्यातून एकदा जात. त्या परत आल्या त्या ओटीवर मटकन बसल्या. खात्यात बुकिंगचं काहीच जमा नव्हतं. सगळी आगाऊ रक्कम कुणा परक्याकडे गेली होती. आणि खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. त्यांना बाहेर कसं काढणार? वहिनींनी सगळ्यांना ठेवून घेतलं, जेवू घातलं, पदरचं घालून.

पोलिसांत तक्रार दिली. माग लागला नाही. पण घरातल्यांनी माग लावला. वहिनींचे दीर, म्हणजे मानसीचे सख्खे वडील, सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रोग्राम कुणाचा? हिचा. मग दार उघडं कुणी ठेवलं?" वहिनींचा जावई हसून म्हणाला, "उघडं ठेवलं का वाटा घेतला, काय सांगावं!" मानसीचा चेहरा पांढरा पडला. कॉम्प्युटरमधल्या नोंदी चोराने पुसल्या होत्या. चौकट आली होती की नाही, हे जगात मला एकटीला माहीत होतं. ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली, माझे हात धरले. "मावशी, खरं सांगा. लाल चौकट आली होती?"

मी म्हटलं, "न्हाय."

एवढंच. त्या एका शब्दावर तिने विश्वास ठेवला. तिच्या जागी तुम्ही असता तर ठेवला नसता? वहिनीसुद्धा म्हणाल्या, "लता खोटं बोलायची न्हाय."

चौकट आलीच नाही, म्हणजे तिचीच राखण चुकली, असं ठरलं. ती पडवीत बसून आपलंच लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचत राहिली, जे चुकलंच नव्हतं ते शोधत. मी चहा नेऊन ठेवायचे. तो तसाच थंड व्हायचा. मी कप उचलायचे, धुवायचे. एकदा ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "तुमची तिसरी हाक मला नीट लिहिता आली नाही, मावशी." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, साखर घालू का?

कुणी मागितले नव्हते, तरी मानसी म्हणाली, "काकीचे पैसे मी भरणार." भरत राहिली, पगारातून. प्रत्येक सणाला यायची, पाकीट ठेवायची, जेवून एसटीने परत. तिचं ठरलेलं लग्न पुढे ढकललं. मग ते मोडलंच. का मोडलं, मी विचारलं नाही. प्रोग्राम लिहिणंही सोडलं तिने. आता दुसऱ्यांचं लिहिलेलं फक्त तपासते म्हणे.

मला अजून कामात ती हाक ऐकू येते. लतामावशी, थांबा. नारळ खवताना, चादर पिळताना. एकदा येते, दोनदा येते. तिसरी येण्याआधी मी नळ सोडते, भांडी वाजवते.

परवा ती आली. पाकीट वहिनींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काकी, हे शेवटचं." वहिनींनी तिला जवळ घेतलं, दोघी रडल्या. मी मागच्या दारात होते, हातात विळी. निघताना तिने पायरीवरून हाक मारली, "लतामावशी!" मी गप्प. पुन्हा मारली. मी तशीच उभी. मग तिसऱ्यांदा, मोठ्याने, हसून — तिला ते अजून आठवत होतं.

मी ओ दिली नाही. फाटक वाजलं.

संध्याकाळी वहिनींनी ते पाकीट देवापुढे ठेवून दिवा लावला. म्हणाल्या, "फिटले गं बाई सगळे."

सगळे फिटले. मानसीने फेडले.