रंगाच्या पुस्तकाची शेवटची पानं

१२ मार्च १९९४. वाचनालयाच्या मागच्या मोरीत स्टोव्हवर खळ शिजवत होते. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद. मोरचूद नसेल तर झुरळं पुस्तकाची पाठ कुरतडून ठेवतात. मार्चअखेर आली की बालविभागातली फाटकी पुस्तकं कपाटातून काढायची, टिकतील ती चिकटवायची आणि बाकीची बाद करायची, हे काम दर वर्षी माझ्याकडे असे. अंबरनाथ पूर्वेला एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर आमचं वाचनालय. ग्रंथपाल मी, झाडणारी मी आणि चिकटवणारीही मीच.

त्या दिवशी बादच्या ढिगातून एक पुस्तक मी बाजूला काढून ठेवलं होतं. मुलं त्याला 'रंगाचं पुस्तक' म्हणत. ते माझ्या मैत्रिणीनं लिहिलेलं होतं. ती उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत शिकवायची. तिच्या पुस्तकाच्या चार प्रती आम्ही घेतल्या होत्या, त्यातल्या तीन फाटून कधीच बाद झाल्या. ही चौथी, आणि आमच्या माहितीत आता ही एकच उरली होती. दुपारी मैत्रीण येणार होती ती या प्रतीसाठीच.

आता मागचं सांगते.

आमच्या कार्यवाहांना पैजेचा नाद होता. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. पण बालवाङ्मयाच्या बक्षिसांची यादी पेपरात येण्याची वेळ झाली की माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचे. त्या वर्षीची नवी पुस्तकं समोर मांडायची, कोणाला बक्षीस मिळणार ते दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि हरेल त्यानं उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून दाल-पकवान आणायचं. आणायचे नेहमी तेच.

"बाई, तुमची तिकडे कुणाशी ओळख आहे का हो?" एकदा पकवानाचा तुकडा मोडत त्यांनी विचारलं.

"कुणाशी नाही."

"मग दर वर्षी कसं कळतं?"

"तुम्ही पुस्तक वाचता. मी त्याला तेल लागलंय का ते बघते."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण माझी पद्धत खरंच तीच होती. नवं पुस्तक आलं की आधी शेवटचं पान उघडायचं. तिथं मुलगा कुणाची तरी माफी मागत असला, तर पहिली खूण पटली. मध्ये एखादे आजोबा झाडाखाली बसून समजावून सांगत असले तर दुसरी. गोष्टीच्या मानानं प्रस्तावना लांबलचक असली तर तिसरी. मग पुस्तक महिनाभर कपाटात ठेवायचं. मुलं ते नेतात आणि दुसऱ्याच दिवशी परत आणतात का? कोपरे दुमडलेले नाहीत, शेंगदाण्याचे, फरसाणचे डाग नाहीत, मधल्या पानांवर कुणी मिशा काढलेल्या नाहीत? मग नाव चिठ्ठीवर लिहायला हरकत नाही. परीक्षक मंडळी वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांना मुलांनी चांगलं व्हावं असं वाटे. मुलांना पुढे काय झालं ते हवं असे. हे दोन्ही एका पुस्तकात क्वचितच जमतं.

मैत्रिणीचं ते पहिलं पुस्तक सत्त्याऐंशी साली निघालं. कल्याणच्या एका लहान प्रकाशकानं पिवळट कागदावर छापलेलं, मधोमध दोन पिना मारलेलं. गोष्ट अशी: वालधुनीच्या काठच्या वस्तीतली मुलं रोज संध्याकाळी पैज लावतात, उद्या नदीचं पाणी कोणत्या रंगाचं असेल. पणाला बाटल्यांची बुचं. एक मुलगी नेहमी जिंकते. तिचे वडील वरच्या अंगाला रंगाच्या कारखान्यात कामाला असतात आणि ते घरी आले की ती त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या बघून ठेवते. एक दिवस सदरा जसा गेला तसाच पांढरा परत येतो. कारखाना बंद पडलेला असतो. मग पाणी नितळ होत जातं, तळाचे दगड दिसायला लागतात, मुलं नाचत पाण्यात उतरतात आणि ती मुलगी काठावर उभी राहते.

ते वडील माझ्या मैत्रिणीचेच, तिचे आप्पा. कारखाना सुटल्यावर ते पालेगावच्या एका बांधकामावर वॉचमन म्हणून राहिले आणि तिथंच आजारी पडून गेले. पुस्तक निघालं तेव्हा हयात होते. चष्मा लावून त्यांनी ते सबंध वाचलं आणि म्हणाले, "बाह्यांचं तुला कसं काय आठवलं गं?" ती हे मला अनेकदा सांगायची. दुसरं काही सांगायची नाही.

पुस्तक बाजारात आल्यावर तिनं मला विचारलं होतं, "ताई, माझं येईल का गं यादीत?"

"नाही येणार."

"निदान थोडं थांबून तरी सांगायचंस."

"मुलं फार नेतात," मी म्हटलं. "कपाटात राहतच नाही."

ती खूप हसली. यादीत नाव आलं नाही. प्रती संपल्या, तरी प्रकाशक पुन्हा छापायला तयार होईना. म्हणाला, "मॅडम, एखादं बक्षीस आणा. मग दोन्ही पुस्तकं एकदम काढू." दोन्ही म्हणजे कोणती, दुसरं तर तिनं लिहिलंच नव्हतं.

तेव्हा ती पुन्हा माझ्याकडे आली आणि समोर बसून सरळ विचारलं, "काय केलं म्हणजे मिळतं?" मी सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं, आणि सांगितलं ते बरोबर होतं. तिनं त्याप्रमाणे लिहिलं. वाईट संगतीचा मुलगा, निवृत्त गुरुजी, ओसाड टेकडी, रोपं, शेवटी माफी. लिहिताना म्हणायची, "हे काय, पहिल्याला बाहेर काढण्यापुरतं. एकदा ते छापून झालं की याच्याकडे कोण बघतंय." मी त्या वर्षी चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. कार्यवाहांनीही लिहिलं, त्यामुळे दाल-पकवान कुणीच आणलं नाही. बक्षीस मिळालं. शाल मिळाली, नारळ मिळाला, शाळेत सत्कार झाला. वाचनालयांनी त्या पुस्तकाच्या प्रती मागवल्या, आम्हीही तीन घेतल्या.

आणि प्रकाशक शब्दाला जागला. म्हणाला, पहिलं काढू या, आता नव्यानं कंपोझ करावं लागेल, एक पूर्ण प्रत आणून द्या.

पूर्ण प्रत कुणाकडेच नव्हती. त्याच्याकडची गोदाम बदलताना गेली. हस्तलिखित तर छापखान्यातच राहिलं होतं. तिनं स्वतःच्या प्रती वर्गातल्या मुलांना एकेक करून देऊन टाकलेल्या. शेवटची एक ठेवली होती, ती बदलापूरजवळ खरवईच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना हरवली. त्या दिवशी गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेला मी गेले होते. पाहुणे जेवत होते आणि ती खोकी उघडून बघत होती. उल्हासनगर, बदलापूर, कल्याण, सगळ्या वाचनालयांना मी कार्डं टाकली. कुठं बाद झालेलं, कुठं घेतलंच नव्हतं.

राहिली आमची चौथी प्रत. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाचा एक दोष असतो. बाहेरचा कागद निघाला की पहिलं पान आणि शेवटचं पान एकदमच जातं, कारण कागद तोच असतो. आमच्या प्रतीचे बाहेरचे दोन कागद गेले होते. पुढून वडिलांना केलेली अर्पणपत्रिका गेली, मागून गोष्टीचा शेवट गेला. मुलं नाचत पाण्यात उतरली आणि ती काठावर उभी राहिली, इथं पान संपत होतं.

त्या दुपारी ती शाळा सुटल्यावर तशीच आली. पिशवीत फुलस्केप कागद आणि कार्बन. आधी कपाटाशी गेली, बक्षिसाचं पुस्तक काढलं, पानं फिरवली.

"किती स्वच्छ ठेवलंय गं मुलांनी," ती म्हणाली.

मी खळ ढवळत राहिले.

मग ती खिडकीशी बसून शेवट लिहायला लागली. फार वेळ लागला नाही. हात सरसर चालत होता, खोडाखोड जवळजवळ नाही. मला वाटलं, चला, आठवतंय तिला. लिहून झाल्यावर तिनं पानं माझ्यापुढे सरकवली.

मी हात पुसून वाचायला घेतलं. मुलगी काठावर उभी होती. मग ती एका दगडावर चढली आणि मुलांना म्हणाली की स्वच्छ पाणी हीच आपली खरी संपत्ती. मुलांना पैजेची लाज वाटली. त्यांनी बुचं गोळा करून कचरापेटीत टाकली. नगराध्यक्ष आले, त्यांनी पाठ थोपटली, नदीकाठी बाग करायचं ठरवलं आणि मुलीच्या वडिलांना तिथं माळ्याची नोकरी मिळाली.

"कसं झालंय, ताई?"

"बक्षीस मिळेल," मी म्हटलं.

ती हसली. जुनी थट्टा आहे असं तिला वाटलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"असं नव्हतं का?"

"नव्हतं."

"मग काय होतं? तू तर कितीदा वाचलंयस."

"भाषण नव्हतं. बाग नव्हती. ती काठावर उभी होती आणि गप्प होती."

"आणि पुढे?"

"दीड-दोन पानं होती पुढे. मला आठवत नाहीत."

खरंच आठवत नव्हती. हजारो पुस्तकं हाताखालून जातात. ज्या मुलांनी ते वाचून फाडलं ती आता कॉलेजात होती. त्यातल्या एकीला मी आदल्या आठवड्यात रस्त्यात गाठून विचारलं होतं. तिला कोणत्या वारी कोणता रंग ते सगळं पाठ होतं, शेवट नव्हता.

ती पेन बंद-उघड करत राहिली. "नुसती गप्प उभी? मग मुलांनी त्यातून घ्यायचं काय?"

हा प्रश्न कार्यवाह विचारायचे. तिच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला.

"तू तेव्हा तो विचार केला नव्हतास," मी म्हटलं.

"तेव्हा मी काय विचार केला होता तेच आठवत नाही, ताई. काल सबंध संध्याकाळ बसले होते. डोळे मिटले की गुरुजीच बोलायला लागतात." मग पानं जुळवत, "आणि समज, दिली त्यांना माळ्याची नोकरी, तर कुणाचं काय जातंय? आप्पांना कुणी उभं केलं नाही. निदान पुस्तकात तरी."

मी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

"परत एकदा लिहून बघ," एवढं म्हटलं.

तिनं बघितलं. या वेळी पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मुलगी काठावर उभी होती, असं लिहिलं. खाली, ती काही बोलली नाही, असं लिहिलं. मग ते खोडलं. मग तिसऱ्या ओळीत मुलगी म्हणाली, "मुलांनो." तिनं स्वतःच ते वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

खालच्या दुकानातून तिनं उरलेल्या पानांची झेरॉक्स करून आणली आणि मूळ प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

"सोमवारी प्रकाशकाला द्यायचंय. मी पहिला लिहिलेलाच शेवट देणार."

"दे."

"निघेल तरी पुस्तक. अर्पणपत्रिका तरी होईल."

"होईल."

"आणि ही कार्बन कॉपी. तुझ्या प्रतीला हीच जोड. नाहीतर मुलं विचारत बसतील."

दाराशी जाऊन ती थांबली. मला वाटलं शेवट आठवला. पण तिनं बदलापूर गाडीची वेळ विचारली. मी सांगितली. ती गेली.

तेरा तारखेला सकाळी मी लवकर कुलूप उघडलं. रंगाच्या पुस्तकाच्या गंजक्या पिना काढल्या, पानं दोऱ्यानं शिवली आणि गेलेल्या कागदांच्या जागी दोन कोरे कागद घातले. कागद तोच असल्यामुळे सुरुवातही कोरी राहिली आणि शेवटही. खाकी कव्हर घातलं, पाठीला खळ लावून वर वीट ठेवली. तिच्या कार्बन कॉपीची घडी करून ती बक्षिसाच्या पुस्तकात ठेवली. तिथं ती नीट राहील, ते कुणी उघडत नाही. मग स्टोव्ह पेटवला. खळ संपली होती आणि ढीग अजून तसाच होता.